नानांची शनिवारची फेरी

बायकोनं डबा हातात दिला की नाना तो उंबऱ्यातच उघडायचे. भाजी आहे, भाकरी आहे, भात आहे, असे तिन्ही खण बघायचे, झाकण लावायचे आणि मगच पायात चप्पल घालायचे. नोकरीच्या पहिल्या वर्षी कधीतरी नानींनी घाईत धुतलेला रिकामा डबाच पिशवीत घातला होता म्हणे. एकदाच. पण त्यानंतर पस्तीस वर्षं त्या बाईनं रोज सकाळी आपल्याच दारात हा अपमान गिळला. मला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा माझं नाव विचारायच्या आधी त्यांनी हेच गाऱ्हाणं सांगितलं होतं.

नाना आमच्या शहापूरच्या शाळेत हेडक्लार्क होते. गाव मुरबाडच्या बाजूचं, सरळगावच्या जरा अलीकडं. रोज एसटीनं यायचे आणि एसटीच्या पाटीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. आधी पाटी वाचायचे, मग कंडक्टरला विचारायचे, मग खिडकीतल्या एखाद्या म्हातारीला विचारायचे, आजी, कुठं चाललीस? तिचं उत्तर जुळलं की चढायचे. कंडक्टर वैतागले की नाना शांतपणे सांगायचे, "पाटीवर भात शिजत नाय." हे वाक्य दिवसातून तीनदा तरी कानावर यायचं. मला तर ते स्वप्नात ऐकू यायचं.

मी त्या ऑफिसात कॉम्प्युटरवर होते, अजून आहे. मला कुणी शहाणपण शिकवलेलं खपत नाही, आणि नानांचा जन्मच त्यासाठी झालेला. एवढं असून तुमचं पटतं कसं, असं आसनगाव स्टेशनवरून माझ्याबरोबर रिक्षानं येणाऱ्या बाई विचारायच्या. मी म्हणायचे, पटत नाहीच. खोटं कशाला बोलू?

नानांचं खरं वेड चिठ्ठ्यांचं. कपाटातून फाइल कुणी नेली की तिच्या जागी ते एक चिठ्ठी उभी करायचे. चिठ्ठ्या जुन्या लग्नपत्रिका कापून केलेल्या असत, त्यामुळे एका बाजूला अर्धा नवरदेव किंवा "आपल्या आशीर्वादास" एवढंच, आणि दुसऱ्या बाजूला नानांच्या ठसठशीत अक्षरात: ही फाइल मुख्याध्यापकांच्या टेबलावर. किंवा: ही फाइल कपाट सातमध्ये. इथवर ठीक. पण दर शनिवारी शाळा सुटली की नाना प्रत्येक चिठ्ठी वाचायचे, तिच्यात लिहिलेल्या जागी जायचे, त्या फायलीला हात लावायचे, परत यायचे आणि चिठ्ठीवर बरोबरची खूण करायचे. नुसतं लांबून बघून चालायचं नाही, हात लागला पाहिजे. आम्ही त्याला प्रदक्षिणा म्हणायचो. तोंडावर म्हणायचो, त्यांना राग यायचा नाही.

त्यामागचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही घाईघाईत, जणू दुसऱ्याच कुणाचं सांगत होते. शाळा जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत आली तेव्हा हमालांनी कपाटं जशीच्या तशी उचलून आणली. कपाटांत चिठ्ठ्या होत्या, "फाइल माळ्यावर". माळा काय हमाल उचलून आणणार? चिठ्ठ्या नव्या घरात सुखरूप आल्या आणि फायली जुन्या माळ्यावर भिजून गेल्या. त्यांत एका बाईंचं सर्व्हिस बुक होतं. तीस वर्षं शिकवलं हे सिद्ध करायला त्या बाई आपल्याच जुन्या विद्यार्थ्यांच्या सह्या गोळा करत कसाऱ्यापर्यंत फिरल्या. त्या वेळी यादीवर "सर्व सामान मिळाले" अशी सही नव्यानं लागलेल्या कारकुनाची होती. म्हणजे नानांची.

दुसरी गोष्ट मात्र ते रंगवून सांगायचे. कपाट तीनमध्ये चिठ्ठी होती, "कपाट सात पाहा". कपाट सातमध्ये होती, "कपाट तीन पाहा". दोन वेगळ्या कारकुनांनी दोन वेगळ्या दिवशी लावलेल्या. नवा शिपाई आज्ञाधारक, तो सकाळपासून चहाच्या वेळेपर्यंत या दोन कपाटांमध्ये येरझाऱ्या घालत राहिला. फाइल कुठं होती? मुख्याध्यापक बुटके होते, खुर्चीत उंच दिसायला फायली घेऊन बसायचे. त्यांच्या खाली.

आमच्या संस्थेकडं जिल्हा परिषदेच्याही आधीच्या, लोकल बोर्डाच्या काळातल्या एका शाळेची जुनी रजिस्टरं आली होती. बोरूनं लिहिलेली, हात लावला की कडा गळून पडायच्या. पण त्या कागदांना सोन्याचं मोल. आमच्या बौद्ध वस्त्यांतल्या लोकांना जातपडताळणीसाठी धर्मांतराच्या आधीची नोंद दाखवावी लागते, आणि आजा-पणजाचं नाव दुसरीकडं कुठं सापडणार? ना जमीन, ना कसला कागद. शाळेच्या रजिस्टरात तेवढी एक ओळ. म्हणून नानांनी आणि मी दोन उन्हाळे बसून पानन् पान स्कॅन केलं. मी मशीनवर, नाना पानं उलटायला, श्वास रोखून. पुढं ती मूळ रजिस्टरं वाळवीनं खाल्ली, तसा रीतसर पंचनामा झाला आणि फोटोवरून उतारा द्यायची परवानगी मिळाली. म्हणजे आता होतं ते एवढंच, फोटो.

ते फोटो जड, त्यांनी कॉम्प्युटरची डिस्क भरून गेली. मी दुसरी डिस्क बसवली, सगळे फोटो तिच्यावर हलवले आणि जुन्या जागी त्याच नावाची लिंक ठेवली. सिंबॉलिक लिंक म्हणतात तिला. दिसायला फोल्डरच, फक्त कोपऱ्यात बारीक बाण. उघडलं की आपोआप दुसऱ्या डिस्कवरच्या खऱ्या फोल्डरात नेऊन सोडते. कुणाला काही बदललेलं कळलं नाही. नानांना कळलं. चष्मा कपाळावर चढवून ते स्क्रीनला नाक लावून उभे राहिले आणि हा बाण कसला म्हणून विचारू लागले.

मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की नाना, ही तुमची चिठ्ठीच आहे, फक्त कॉम्प्युटरमधली.

त्यांना आनंद होईल असं वाटलं होतं. ते म्हणाले, "मग शनिवारची फेरी कोन मारतं?"

मी म्हटलं, बॅकअपचं सॉफ्टवेअर मारतं, रोज, आपोआप. आणि त्यांना ती हिरवी खूण दाखवली. बॅकअप यशस्वी.

"ते वस्तूला हात लावतं, का चिठ्ठीला?"

"वस्तूला," मी म्हटलं.

मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही म्हणायला जीभ जड झाली, बस. त्या एका शब्दाची शरम मला आजही वाटते.

पुढं नाना रिटायर झाले. शाल, नारळ, हार, भाषणं. मुख्याध्यापकांनी त्यांच्या काटेकोरपणाचं कौतुक केलं आणि नानांनी मिळालेलं पाकीट तिथंच, सगळ्यांसमोर, उघडून आत बघितलं. आम्ही तोंडाला पदर लावून हसलो. जाताना त्यांनी माझ्याकडं एकच गोष्ट मागितली. रजिस्टरांचे फोटो पेनड्राइव्हवर दे, घरी बसून ती जुनी अक्षरं वाचीन, तेवढाच वेळ जाईल. बॅकअपची डिस्क हाताशीच होती, तिच्यातून मी दोन मिनिटांत उतरवून दिले. नानांनी पेनड्राइव्ह उलटसुलट करून बघितला. तो काही उघडून बघता येईना, तेव्हा खिशात टाकला.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर स्वारी ऑफिसात हजर! साडेदहाला, पालकांच्या बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन. काय हसलो आम्ही. कालचा हारसुद्धा सुकला नाही नाना, शिपाई म्हणाला, नानींनी घराबाहेर काढलं का? नाना म्हणाले, घरी करमत नाय. मग माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, ते फोटो माझ्यासमोर पुन्यांदा दे, एकेक उघडून दे. माझ्यापुढं कामाचा ढीग. कुरकुरत मी ती लिंक उघडली, आत गेले, सगळे फोटो निवडून पेनड्राइव्हवर टाकले. त्यावरही त्यांचं समाधान नाही. पेनड्राइव्हवरचे उघडून दाखव म्हणाले. दुपार झाली. मला वाटलं, रिकामपण खायला उठलं असेल माणसाला, जाऊ दे. जाताना त्यांनी माझ्या स्क्रीनच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवली. एका बाजूला अर्धी नवरी, दुसऱ्या बाजूला "वस्तू पाहिली?" आणि खाली शनिवारांच्या खुणांसाठी चौकटी. मी चारपाच शनिवार न बघताच खुणा केल्या. मग डिंक सुटला, चिठ्ठी पडली, झाडणाऱ्या मावशींनी उचलली.

दोन वर्षं गेली. एकदा दुपारी लाइट गेली, आली, परत गेली, आणि ती दुसरी डिस्क काही जागी होईना. कल्याणच्या दुरुस्तीवाल्यानं कानाशी धरली, आतला आवाज ऐकला आणि आशा ठेवू नका म्हणाला. मला कसलीच चिंता नव्हती. रोजचा बॅकअप होता ना.

त्याच आठवड्यात डोळखांबकडून एक बाप आणि त्याची मुलगी आली. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. बाप आधी मजुरीला जायचा, आता आसनगावच्या एका गोदामात रखवालदार. पडताळणीच्या समितीनं पणज्याच्या शाळेतल्या नोंदीचा उतारा मागितला होता, आणि दहा दिवसांत तो दिला नाही तर मुलीची जागा दुसऱ्याला जाणार होती. बसा, आत्ता काढते, मी म्हटलं. चहासुद्धा सांगितला.

बॅकअपची डिस्क लावली. फोल्डर दिसलं. कोपऱ्यात बारीक बाण. उघडलं, तर ठिकाण सापडत नाही. आदल्या दिवशीचा बॅकअप बघितला, बाण. आदल्या महिन्याचा, बाण. आदल्या वर्षाचा, बाण. त्या सॉफ्टवेअरनं रोज इमानानं फेरी मारली होती, चिठ्ठीला हात लावला होता आणि हिरवी खूण केली होती. लिंक आली तर तिच्या मागं जायचं नाही, लिंकच ठेवून द्यायची, अशी त्याची सेटिंग पहिल्या दिवसापासून होती, आणि मी ती कधी उघडून वाचली नव्हती.  समोर ती पोरगी बशीतला चहा फुंकत होती.

मी बराच वेळ नुसती माउस हलवत बसले. बापाच्या ते लक्षात आलं असावं. तो म्हणाला, "नसंल तर नसंल सांगा, ताई. नाय ऐकायची सवय हाय आमाला."

त्यानं ओरडायला हवं होतं. मी परवा या म्हटलं, ऑफिसात सगळ्यांना म्हणतो तसं, आणि मुरबाडची एसटी पकडली. मुख्याध्यापकांना तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, नानांना सांगायची होती असंही नाही. पण त्या जुन्या अक्षरांचा दुसरा साक्षीदार जगात नव्हता. वाटेत किन्हवलीचा स्टॉप मागं पडला तेव्हा मला पेनड्राइव्हची आठवण झाली. आणि लगेच हेही आठवलं की तो मी बॅकअपमधूनच भरून दिला होता. म्हणजे त्यातही रिकामंच. नाना परत आले त्या दुसऱ्या दिवशी कुठून उतरवून दिले होते ते मला आठवेना. सगळ्या रस्त्यानं मी तेवढंच आठवत होते, खिडकीतून उभा भात बघत, आणि काही म्हणता काही आठवत नव्हतं.

नाना ओटीवर वाल निवडत होते. मी उभ्याउभ्याच सगळं ओकले. डिस्क गेली, बॅकअपमध्ये नुसती चिठ्ठी, चूक माझी, तुम्हाला खोटं सांगितलं होतं. नानांनी वालाचं सूप बाजूला सारलं. उठले, आत गेले, आणि तो आपला तीन खणांचा डबा घेऊन आले. माझ्यासमोर उघडला. वरच्या खणात पेनड्राइव्ह, फडक्यात गुंडाळलेला.

सुनेचा लॅपटॉप आला. फोल्डर आलं. कोपऱ्यात बाण नव्हता. मी एक फोटो उघडला, दुसरा उघडला, दहावा उघडला, आणि मग मला रडूच कोसळलं, अगदी नाक पुसत, लाज सोडून. नानी पाणी घेऊन आल्या.

"त्या दिवशी घरी आनला तवा रिकामाच निघाला ना तो," नानी म्हणाल्या. "नुस्तं नाव. सकाळची पयली गाडी धरून परत पळाले, न्यारीसुद्धा केली नाय."

"गप गो," नाना म्हणाले.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. घरी करमत नाय! साऱ्या ऑफिसानं टिंगल केली, ती त्यांनी मुकाट ऐकून घेतली. मला रागच आला, रडतारडता. म्हटलं, नाना, सरळ सांगायचं ना, की तू दिलेला रिकामा निघाला!

"माझ्या जागी आलेल्या नव्या साहेबासमोर? तुझी नोकरी कायम व्हायची होती तवा." ते वाल निवडत राहिले. "मला वाटलं, पोरगी घाईत इसरली. बॅकअपच पोकळ असंल हे नाय आलं डोक्यात. चिठ्ठी लावली होती मी, पन चिठ्ठी म्हंजे सांगनं नाय. ते माझं चुकलं."

पस्तीस वर्षांत त्यांनी हा शब्द उच्चारल्याचं नानींनाही आठवत नव्हतं. त्या माझ्याकडं बघून हसल्या.

मग आम्ही दोघांनी त्या गावची पानं शोधली. नानांना ते अक्षर पाठ होतं. चौथ्या रजिस्टरात ओळ सापडली. नाव, बापाचं नाव, जात, गाव, जन्मतारीख, शाळा सोडताना इयत्ता तिसरी. शाळा सोडण्याचे कारण: गुरे राखण्यासाठी. नानांनी त्या ओळीवर, स्क्रीनवरच, बोट टेकवलं आणि क्षणभर तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं. ते मला भरपूर बोलले आणि उताऱ्यावर सही करायला लगेच बसले. इकडं मी नवी डिस्क बसवून पेनड्राइव्हवरचे फोटो तिच्यावर उतरवले, लिंक तिच्याकडं वळवली आणि उत्साहानं बॅकअपची सेटिंग बदलली, लिंक आली की तिच्या मागं जायचं. आणि संध्याकाळी डिस्क काठोकाठ भरलेली! बघते तर फोटोंच्या फोल्डरात माझ्याच सोयीसाठी मीच सकाळी मुख्य फोल्डरची एक लिंक टाकून ठेवली होती. सॉफ्टवेअर मुख्य फोल्डरातून फोटोंत, फोटोंतून मुख्य फोल्डरात, परत फोटोंत, असं दिवसभर येरझाऱ्या घालत होतं, आणि दर फेरीला सगळं नव्यानं उतरवून घेत होतं. कपाट तीन, कपाट सात. मी एकटीच खदखदून हसले, शिपाई घाबरून बघायला आला. मग कळलं की ते सॉफ्टवेअर चिठ्ठीमागं जात नाही ते उगाच नाही. लिंकला लिंकच राहू दिली आणि खऱ्या फोल्डराचं नाव बॅकअपच्या यादीत स्वतंत्र लिहिलं. एवढंच करायचं होतं, पहिल्याच दिवशी.

आता दर शनिवारी मी बॅकअपमधला एक फोटो काढून दुसऱ्याच कॉम्प्युटरवर उघडते आणि नानांना फोनवर पाठवते. एकदा आळस केला, आधीचाच पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं, हा मागच्या शनिवारचा आहे.

त्या मुलीचा दाखला झाला, जागा राहिली, ती आता दुसऱ्या वर्षाला आहे. पण मला आठवतो तो उतारा न्यायला बापलेक आले तो दिवस. मी सहीशिक्क्याचा उतारा आणि पानाची प्रत पाकिटात घालून दिली. बापानं पाकीट घेतलं, दारापर्यंत गेला, थांबला, मागं वळून म्हणाला, राग मानू नका, आत कागद हाय ना ते बघतो. एरवी मला केवढा राग आला असता. मी म्हटलं, बघा, इथंच बघा, नीट बघा.

मुलीनं ओळ वाचून दाखवली, कारणासकट. बाप पुढं झाला. त्यानं कागद स्वतःच्या हातात घेतला.

"तिसरी?" तो म्हणाला. "आजा शाळेत गेलेला? आमी समजत होतो, त्याला नुस्ता अंगठा येत होता."

ते गेल्यावर मी नानांना फोन लावला. दिला म्हटलं.

"बंद पाकीट दिलंस का उघडून?"

"त्यांनी उघडून बघितलं, नाना. दारातच."

"मग झालं," नाना म्हणाले आणि फोन ठेवला.